बाबा, हेलिकॉप्टर आणि नवा कोरा दगड

बाबांच्या चष्म्याला वहिनीने इलॅस्टिकची नाडी बांधली, डोक्याच्या मागे गाठ मारली आणि दोनदा ओढून बघितली. शर्टाच्या खिशातलं पेन काढून घेतलं. कानटोपी काढायला लावली, कारण सुटी वस्तू एकही नको असं तिथली मुलगी चार वेळा सांगून गेली होती. बाबा गेली चाळीस वर्षं खिशात पेन ठेवतात, ते काढल्यावर त्यांचा हात दर दोन मिनिटांनी खिशाकडे जात होता. मग एकेकाला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा कागदावर लिहिला आणि त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरलं. छोटं हेलिकॉप्टर होतं, पायलट धरून पाच जण, वजन दोन्ही बाजूंना सारखं पडायला हवं. बाबा अठ्ठावन्न किलो, त्यांना पुढची सीट मिळाली, पायलटच्या शेजारी उजवीकडे. मी बरोबर त्यांच्या मागे. दादा-वहिनी माझ्या डावीकडे. आणि दरवाजे नव्हते. म्हणजे काढूनच ठेवले होते, आपण बुकिंगच तसं केलंय असं दादा म्हणाला तेव्हा मला खरंच राग आला होता, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दरवाजा नसलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं म्हणजे काय?

हे सगळं हवाईमधल्या हिलो नावाच्या गावात. हवाई बेटांतलं सगळ्यात मोठं जे बेट, ज्याला तिकडे सगळे बिग आयलंडच म्हणतात, त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हे गाव आहे. दादा सॅन होजेला असतो, बरीच वर्षं झाली, बाबांना एकदा तरी घेऊन ये म्हणून माझ्या मागे लागला होता. मी नवी मुंबईत ऐरोलीला बाबांसोबत राहते, आई गेल्यापासून त्यांना लांबच्या प्रवासाला काढणं कठीणच झालं होतं. अमेरिकेला यायला ते तयार झाले ते दादासाठी, फिरण्याबिरण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. समुद्र काय आपल्याकडे पण आहे, म्हणायचे. मग एक दिवस दादाने त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला, लाव्हा रस्त्यावरून सरकत येतोय आणि समोरचं लोखंडी गेट हळूहळू गिळून टाकतोय असा. बाबांनी तो पाच-सहा वेळा बघितला आणि विचारलं, "हा थंड झाल्यावर काय होतं?" दादा म्हणाला, "दगड होतो बाबा. बेसॉल्ट. तुमचाच दगड."

त्यानंतर तिकीट काढण्यावरून वाद झाला नाही.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव जुन्नर बाजूला, बाबा तरुणपणी कामासाठी इकडे आले आणि तुर्भ्याच्या मागच्या डोंगरात दगडखाणीवर लागले. तीसेक वर्षं खाणीवर आणि क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करायच्या मशीनवर काढली, शेवटी मुकादम होते. नवी मुंबई उभी राहत होती, ती वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि त्यानंतर वाशी, नेरूळ, कोपरखैरणे असे शहराचे एकेक भाग बांधत गेले. त्या सगळ्याला खडी लागायची. वीस एमएम, दहा एमएम, कच, हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. आमच्या घरात कपडे झटकले की करडी पूड पडायची. सुरुंगांच्या आवाजाने बाबांचा उजवा कान जवळजवळ गेला, मशीन घेतलंय पण ते लावत नाहीत, त्यात घरघर येते म्हणतात. त्यांच्यासोबत वडार समाजाची माणसं होती, त्यांच्याकडून बाबा दगड वाचायला शिकले. शीर कुठून गेलीय, कुठे घाव घातला की सरळ फुटेल, कुठला दगड आतून पोकळ आहे, हे ते नुसतं बघून सांगतात. दोन दगड हातात घेऊन एकमेकांवर आपटतात आणि आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर चांगला. डाव्या कानाने ऐकतात.

तर हेलिकॉप्टर उडालं. विमानासारखं धावत जाऊन नाही, जमिनीपासून नुसतं सुटलं, पोटात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं आणि पायाखालची धावपट्टी तिरकी झाली. वारा इतका की गालाची कातडी मागे ओढली जात होती. हिलो पावसाचं गाव, अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पावसाच्या शहरांमधलं एक, आणि उडाल्या उडाल्या एक सर लागली. दरवाजा नसल्यामुळे थेंब आडवे येऊन तोंडावर टाचण्यांसारखे टोचत होते. मी डोळे मिटले, उघडले तेव्हा सर मागे गेली होती आणि खाली खाडीचा वळसा दिसत होता. त्या खाडीच्या काठाला मोकळी हिरवी पट्टी आहे, १९४६ आणि १९६० च्या त्सुनामींनी तिथली वस्ती धुवून नेली, त्यानंतर बरीचशी जागा मोकळीच ठेवली. पायलट हेडफोनमधून सांगत होता आणि बाबा मान हलवत होते. मला आधी वाटलं उगाच हलवतायत, त्यांना इंग्लिश थोडंच कळतं, पण नंतर लक्षात आलं की हेडफोनमुळे त्यांना दोन्ही कानांनी नीट आवाज येतोय. कितीतरी वर्षांनी. दादा मधे मधे मराठीत सांगत होता आणि बाबांनी एकदाही "काय?" असं विचारलं नाही.

दहा मिनिटं तरी नुसतं हिरवं होतं. मग एक ठिकाणी हिरवं संपतं आणि काळं सुरू होतं. मधे काहीच नाही, सुरीने कापल्यासारखं. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला काळाकुट्ट पसारा, थेट समुद्रापर्यंत.

हा २०१८ चा लाव्हा. किलाउआ नावाचा ज्वालामुखी आहे, त्याचं मुख्य मुख वर डोंगरमाथ्यावर, हालेमाउमाउ, पण त्या वर्षी मे महिन्यात लाव्हा तिथून न येता आतल्या आत जमिनीखालून लांब सरकत खाली त्याच बेटाच्या पुना नावाच्या भागात आला आणि लैलानी इस्टेट्स नावाच्या एका वसाहतीत रस्त्यांमधूनच बाहेर पडला. ३ मे ला पहिली फट उघडली, दुसऱ्याच दिवशी ६.९ चा भूकंप झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत एकूण २४ फटी उघडल्या. लोकांच्या अंगणात, गल्लीत, झाडांमधून. त्यातल्या आठ नंबरच्या फटीने सगळा जोर धरला आणि दोन महिन्यांहून जास्त ओकत राहिली. सातशेच्या वर घरं गेली. पस्तीस चौरस किलोमीटर जमीन काळ्याखाली गेली. वरून ते बघताना एके ठिकाणी काळ्याच्या मधोमध हिरवा तुकडा दिसला, चार-पाच झाडं, आणि त्यात एक पत्र्याचं छप्पर. चारी बाजूंनी दगड आणि मधे तेवढंच वाचलेलं. अशा वाचलेल्या तुकड्याला तिकडे किपुका म्हणतात. वहिनीने तोंडावर हात ठेवला. कोणाचं तरी घर होतं ते, कुलूप लावून गेले असतील, परत यायला रस्ताच नसेल.

आणि मग ती फट.

आठ नंबरच्या फटीभोवती लाव्ह्याचे शिंतोडे उडून उडून एक सुळका तयार झालाय, पन्नासेक मीटर उंच, घोड्याच्या नालासारखा, एका बाजूने उघडा. २०२१ मध्ये त्याला हवाईयन भाषेतलं रीतसर नाव दिलं, आहुआइलाआउ. पायलटने सांगितलं की आता आपण याला फेरी मारणार, उजव्या बाजूचे लोक खाली बघा. उजव्या बाजूला आम्हीच. आणि हेलिकॉप्टर कलंडलं.

कलंडलं म्हणजे किती ते मला सांगता येणार नाही, पण समोर आकाश नव्हतं. जिथे दरवाजा हवा तिथे सरळ खाली जमीन होती. बाबा पट्ट्याला टेकून अक्षरशः त्या पोकळीत लटकल्यासारखे झाले आणि मी काही विचार न करता पुढे हात घालून त्यांच्या जॅकेटची कॉलर घट्ट धरली. माझ्या हाताला त्यांच्या मानेचा घाम लागत होता, एवढ्या गार वाऱ्यात. खाली सुळक्याचा काठ होता, बाहेरून काळा, आतून विटकरी, जांभळट, मधेच पिवळ्या गंधकाचे डाग, आणि सकाळच्या पावसाचं पाणी आत मुरून त्यातून पांढरी वाफ वर येत होती. इतक्या वर्षांनीही. पंख्याच्या वाऱ्याने वाफेचा एक पट्टा फाटला आणि तळ दिसला, गोठलेला, मधोमध चिरलेला. माझं काळीज घशात आलं होतं, कानात रक्ताचा आवाज येत होता, आणि त्याच वेळी मला ते बघणं थांबवायचं नव्हतं. अजून एक फेरी मार, असंच वाटत होतं. त्याने मारली.

दुसऱ्या फेरीत बाबा बोलले. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज एकदम स्पष्ट, खाणीवर बोलायचे तसा मोठा.

"डोंगर नव्हता ना इथं आधी? सपाट होतं?"

दादा म्हणाला, "सपाट. रस्ता होता."

"म्हणजे फटीतून आलंय सगळं."

मी हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे बहुतेकांना ज्वालामुखी म्हटला की शाळेच्या पुस्तकातला टोकदार डोंगर आठवतो, वरून धूर निघणारा. मला पण तेच वाटायचं. पण आपला सह्याद्री, आपलं सगळं दख्खनचं पठार, हे टोकदार डोंगरातून नाही आलेलं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक थर, मग थांबा, मग दुसरा थर, असं कितीतरी वेळा. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड आहे आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. माळशेज चढताना एसटीच्या खिडकीतून समोरच्या कड्याला आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, पावसात त्यांवरून धबधबे टप्प्याटप्प्याने पडतात, ती एकेक पायरी म्हणजे थर. इंग्लिशमध्ये डेक्कन ट्रॅप्स म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. पुनातल्या त्या आठ नंबरच्या फटीसोबत बाकीच्या फटी धरूनही तीन महिन्यांत साधारण एक घन किलोमीटर लाव्हा आला. आपल्याकडचे अंदाज लाखो घन किलोमीटरचे आहेत. मी हे आकडे आधी वाचले होते, पण वाचून काहीच झालं नव्हतं. त्या एका फटीवर लटकून, पस्तीस चौरस किलोमीटरचा काळा पसारा एका नजरेत न मावताना बघितला आणि मग पाच लाख म्हणजे काय ते पोटात कळलं.

सुळक्याच्या उघड्या बाजूने लाव्ह्याची नदी निघाली होती, तिचं रिकामं पात्र अजून तसंच आहे. काठ, वळणं, सगळं नदीचं, फक्त पाणी नाही. उगमाजवळ तो लाव्हा ताशी तीसेक किलोमीटरने वाहत होता म्हणे. आम्ही त्या पात्रावरून समुद्राकडे गेलो, खाली उतरत, वारा पाठीशी घेऊन. दगडाचे दोन प्रकार वरूनही वेगळे कळतात. एक खरबरीत, ढेकळांचा, नांगर फिरवून सोडलेल्या शेतासारखा, त्याला आआ म्हणतात. दुसरा गुळगुळीत, चकचकीत, त्यावर दोरखंडासारख्या सुरकुत्या, त्याला पाहोएहोए. दूध गार होताना वरची साय सरकते आणि तिला घड्या पडतात, अगदी तेच होतं, वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालचं अजून पुढे जात असतं. हे दोन्ही शब्द हवाईयन भाषेतले, पण जगभरचे भूशास्त्रज्ञ तेच वापरतात, आपल्या दख्खनच्या दगडाबद्दल लिहितानाही.

एके ठिकाणी काळ्यातून सरळ रेघ गेलेली दिसली. नंतर लाव्हा कापून पुन्हा केलेला रस्ता. बाबा त्या रेघेकडे बघत राहिले, वळून वळून. मला माहितीये ते काय बघत होते, कापलेली कड बघत होते, आत दगड कसा निघालाय ते.

कापोहोला समुद्र आला. कापोहो हे गाव १९६० च्या लाव्ह्यात एकदा गेलंच होतं, मग समुद्राकाठी पुन्हा घरं झाली, आणि २०१८ मध्ये तिथला अख्खा उपसागर भरून निघाला, दोनेक दिवसांत. जवळ एक गोड्या पाण्याचं तळं होतं, त्यात लाव्हा शिरला तेव्हा काही तासांत सगळं पाणी वाफ होऊन गेलं. जिथे मुलं पोहायची तिथे आता दगडाचं टोक पुढे आलंय, आणि त्या टोकावर लाटा आपटतायत, जमीन नवी आहे, लाटेला अजून सवय नाही. पुढे पोहोइकीला होड्यांचा धक्का आहे, तो लाव्ह्यातून वाचला पण लाव्हा समुद्रात पडून फुटला त्याची काळी वाळू वाहत येऊन धक्क्याचं तोंड बुजलं. वरून दिसलं, धक्का, त्यासमोर साचलेलं हिरवं पाणी, मग काळी वाळू, मग समुद्र. कोळी लोकांचं काय झालं असेल, माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं, आमच्या नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे या कोळीवाड्यांच्या जेट्ट्या आठवल्या.

वाहता लाव्हा आम्हाला दिसला नाही. लोक हे विचारतातच म्हणून सांगते. वर हालेमाउमाउमध्ये २३ डिसेंबर २०२४ पासून लाव्ह्याची कारंजी थांबून थांबून सुरू झालीयत, काही वेळा तीनशे मीटरच्या वर उडतात, पण मधे काही दिवसांची विश्रांती असते आणि आम्ही गेलो तो आठवडा विश्रांतीचा होता. लांबून वाफेचा ढग तेवढा दिसला, त्यामागे माउना लोआ या दुसऱ्या ज्वालामुखीचा पसरट डोंगर. मला क्षणभर वाईट वाटलं, एवढे पैसे घालून आलो म्हणून. बाबांना अजिबात वाटलं नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा पाऊस लागला, धबधब्यांवरून गेलो, ते सुंदर होते पण खरं सांगते, माझं लक्ष नव्हतं. उतरल्यावर माझे गुडघे दहा मिनिटं थरथरत होते. बाबांनी पहिलं काम काय केलं तर वहिनीकडून पेन परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडीने पोहोइकीला गेलो, बाबांना दगड हातात घ्यायचा होता. काळ्या वाळूच्या वरच्या बाजूला त्यांनी उकिडवं बसून दोन दगड निवडले, अगदी सावकाश, आणि डाव्या कानाजवळ नेऊन एकमेकांवर आपटले. भद्द आवाज आला. "पोकळ," म्हणाले. "वरचा आहे. हवेचे बुडबुडे राहिलेत." अंगठ्याने भोकं दाखवली, स्पंजासारखी. "आपल्याकडे पण असतो असा, त्याची खडी चालत नाही. खाली चांगला असणार, थराच्या पोटात. तो सावकाश गार होतो." मग सांगायला लागले, खाणीत अशा भोकांमध्ये कधी कधी पांढरे, हिरवट खडे निघायचे, चमकणारे, पोरं खिशात टाकून घरी न्यायची. मी म्हटलं, "बाबा, त्याला झिओलाइट म्हणतात, भोकांत पाणी मुरून मुरून तयार होतात." म्हणाले, "मग याला अजून वेळ आहे."

त्यांनी त्यातला लहान दगड खिशात टाकला. दादा म्हणाला, "बाबा, ठेवा तो. इथे नेत नाहीत." तिकडची माणसं लाव्ह्याला पेले देवी मानतात, तिचं राहण्याचं ठिकाण म्हणजे हालेमाउमाउ, आणि हा सगळा दगड तिचा. दगड नेला की तिचा कोप होतो असं पर्यटकांमध्ये पसरलंय आणि लोक घरी गेल्यावर घाबरून पोस्टाने दगड परत पाठवतात, असे बरेच येतात म्हणे. बाबांनी दोन्ही दगड जिथून उचलले होते तिथेच ठेवले, बाजूची वाळू हाताने सारखी केली. आमच्या क्रशरवर दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार आणि नारळ असायचा, आणि डोंगराच्या पायाशी वेगळा एक नारळ, तो बाबा फोडायचे. ते मला तिथे आठवलं. बाबांनी हात जोडले की नाही ते मी बघितलं नाही, मी समुद्राकडे तोंड करून उभी होते.

त्या काळ्या दगडावर अगदी सुरुवातीला उगवणाऱ्यांतलं एक म्हणजे ओहिया नावाचं झाड. मातीच नाही तरी भेगेत धरतं. लाल रेशमासारखी फुलं. वाळूच्या कडेला एक होतं, माझ्या गुडघ्याएवढं. बाबांनी त्याच्या बुडाशी बोट घालून बघितलं, चिमूटभर काहीतरी लालसर लागलं. "माती व्हायला लागली," म्हणाले, आणि मग माळशेज घाटातली आठवण सांगितली, दोन काळ्या थरांच्या मधे लाल पट्टा असतो तो. आम्ही लहानपणापासून तो बघतोय. एक थर येऊन गेला, बराच काळ गेला, त्यावर माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन बसला, म्हणून लाल.

परत येऊन आता काही महिने झाले. मागच्या रविवारी ठाण्याला मावशीकडे लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो, येताना बाबांना पुढे तुर्भ्याला कोणालातरी भेटायचं होतं म्हणून ऐरोलीला न उतरता तसेच पुढे गेलो. ट्रान्स हार्बरच्या त्या लोकलला रविवारी दुपारी बसायला मिळतं. बाबा खिडकीशी, मी त्यांच्या उजवीकडे. रबाळे गेलं, घणसोली गेलं, पारसिकचा डोंगर सोबत चाललेला, मधे मधे खाणींनी कापलेला, त्या कापलेल्या जागांवर आता गवत आणि झुडपं आलीयत.

"हा किती वर्षांचा म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज होता आणि मी उजव्या कानाशी होते. मी उठून समोरच्या सीटवर त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, पुढे वाकले आणि परत सांगितलं.